पाण्यातली भाजी आणि पुरातला ऊस

बाई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळा कोल्हापूरच्या उपनगरात, वर्ग पाचवी ते सातवी, अंगणात सगळी फरशी, मोकळी जागा म्हणाल तर गच्ची. मुलांना मातीशिवाय भाजी कशी पिकते ते शिकवायचंय. एका विक्रेत्यानं पाइप, पंप आणि टायमरच्या संचाचं कोटेशन दिलंय, ते घ्यावं का? सुरुवात कुठल्या इयत्तेपासून करावी? आणि सभेत एक आजोबा उठून म्हणाले, "काळी आई सोडून पोरांना पाण्यात कसली शेती शिकवताय?" त्यांना काय सांगावं?

मी मूळचा ऊस रोपवाटिकेतला माणूस. ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरायचं, एक डोळ्याची कांडी, म्हणजे एकच कोंब फुटेल असा उसाचा तुकडा, लावायची, रोप तयार करून शेतकऱ्याच्या हातात द्यायचं, हे काम वीसेक वर्षं केलं. गेली बारा वर्षं करवीर, हातकणंगले, शिरोळ भागातल्या शाळांत मुलांबरोबर मातीविना लावणीचे प्रयोग करतोय. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी कोटेशनचं. ते घेऊ नका. असा संच वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. भाजी विकणाऱ्याला तो उपयोगी आहे. पण त्या पाइपातून पाण्याचा पातळ पदर सतत वाहत राहावा लागतो, आणि लाइट गेली की मुळं उघडी पडतात. एका शाळेत देणगीतून असा संच बसवला होता. शनिवारी दुपारी लाइट गेली, गच्चीला कुलूप, सोमवारी सकाळी सगळी रोपं माना टाकून. मला मात्र त्याहून जास्त लागली ती दुसरी गोष्ट. संचाशेजारी पाटी होती, "हात लावू नये". महिनाभर पोरं त्याच्यासमोरून रांगेनं जात होती आणि एकाही पोराला आतलं मूळ दिसलं नव्हतं. मुलाला शिकवायचं असेल तर प्रत्येकाला स्वतःचं एक रोप, स्वतःचा एक डबा आणि उघडता येणारं झाकण हवं. बाकी सगळं त्यानंतर.

सुरुवात मटकीपासून करा, आणि ती तिसरी-चौथीपासून करता येते. कोल्हापुरात मिसळ न खाल्लेलं पोर सापडायचं नाही. मटकीला मोड आणायला माती लागत नाही हे घरात रोज दिसत असतं, फक्त त्याकडे कुणी लावणी म्हणून पाहिलेलं नसतं. रात्री भिजवलेली मटकी सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी गाठ सोडायची. मोड बघून झाले की एकच प्रश्न विचारा: "हिला जेवायला कुणी घातलं?" उत्तर लगेच सांगू नका. दहा-पंधरा मोड ओल्या कापसावर, उजेडात, नुसत्या साध्या पाण्यावर ठेवा. पहिला आठवडा रोपं झपाट्यानं वर येतात आणि पोरांना वाटतं पाण्यावर सगळं भागतं. मग दाण्याची दोन्ही दलं सुरकुततात, गळून पडतात, खालची पानं फिकी होतात आणि वाढ थांबते. तेव्हा सांगायचं की प्रत्येक बी घरून शिदोरी बांधून निघतं. शिदोरी पुरते तोवर बाहेरचं काही लागत नाही, संपली की मुळांनी कमवून आणावं लागतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला खत म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. उरलेल्या मोडांची उसळ करून खायला घाला. कच्चे नकोत, त्या ऊबेत आणि ओलाव्यात जंतूही वाढतात.

नवरात्रात घट बसतात तोही धडा वाया घालवू नका. घटाचं धान देवघराच्या अंधारात उंच आणि पिवळं येतं, दसऱ्याला तेच टोपीत खोवतात. शाळेत उजेडात उगवलेल्या गव्हाशेजारी ते ठेवा. उंची कुणाची जास्त, जोर कुणात जास्त, हे पोरं स्वतःच सांगतात. उजेडाचा विषय इथे उरकतो.

पाचवीपासून पुढे पुदिना. कपिलतीर्थाच्या मंडईतून एक जुडी आणा, खालची पानं काढून काड्या काचेच्या ग्लासात ठेवा, आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. मग चार ग्लास करा: फिल्टरचं पाणी, नळाचं पाणी, कुंडीतली माती कालवून गाळलेलं पाणी, आणि चौथ्यात खताचं पाणी, त्याची कृती पुढे देतो. काड्या आधी स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर तोलून घ्या आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तोला. हा प्रयोग माझा नव्हे. जॉन वुडवर्ड या इंग्रज अभ्यासकानं पुदिन्याच्याच कुळातल्या रोपांवर तो केला आणि १६९९ मध्ये मांडला. त्याच्याकडे पावसाचं पाणी होतं, थेम्स नदीचं होतं आणि बागेची माती कालवलेलं पाणी होतं. पावसाच्या पाण्यातलं रोप नदीच्या पाण्यातल्यापेक्षा मागे राहिलं आणि माती कालवलेल्या पाण्यातलं सगळ्यांच्या पुढे गेलं. म्हणजे मातीतून पाण्यात काहीतरी उतरत होतं. ते 'काहीतरी' म्हणजे ठरावीक क्षार, आणि मोजून पाण्यात घातले तर झाड मातीविना वाढवता येतं, हे १८६० च्या आसपास जर्मनीत ज्युलियस साक्स आणि विल्हेल्म नॉप यांनी करून दाखवलं. 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द त्याहून बराच अलीकडचा, कॅलिफोर्नियातल्या विल्यम गेरिक यांनी १९३७ मध्ये रूढ केलेला. मुलांना सनावळी पाठ करायला लावू नका. पण तीनशे वर्षांपूर्वी एका माणसाला पडलेला प्रश्न आज आपल्या ग्लासात आहे, हे त्यांना जरूर सांगा. पोरं ग्लास जास्त जपून धरतात, हे मी पाहिलंय.

आता डबा. खाद्यतेलाचा 5 लिटरचा रिकामा कॅन उत्तम. साबणानं धुऊन, वरचा भाग कापून, त्यावर पुठ्ठ्याचं नको, थर्माकोलचं किंवा जाड प्लॅस्टिकचं झाकण घट्ट बसवायचं. शेतकऱ्याच्या घरात औषधाचे आणि तणनाशकाचे कॅनही पडलेले असतात आणि पोरं ते हौसेनं घेऊन येतात. ते कितीही धुतले तरी घ्यायचे नाहीत. कॅनला बाहेरून काळा रंग आणि त्यावर पांढरा द्या, नाहीतर जाड कापडाची खोळ शिवा. आत उजेड गेला की आठ दिवसांत पाण्याला शेवाळ येतं, आणि ते रोपाचंच जेवण खातं. पांढरा थर यासाठी की उन्हात नुसता काळा डबा तापतो. झाकणाला चहाचा कप बसेल एवढं भोक. कपाला तळाशी आणि कडेनं तापलेल्या सुईनं भोकं पाडायची, हे काम मोठ्यांनी करायचं. कपात धुतलेलं कोकोपीट. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुवाच. त्यात पुष्कळदा मीठ असतं, रोपवाटिकेत आम्ही न धुता कधी वापरलं नाही. ऊस रोपवाटिका जवळ असेल तर पोरांना एकदा तिथे घेऊन जा. रोपवाटिकेतून रानात जाणारा ऊस आयुष्याचा पहिला महिना मातीविनाच काढतो, हे बघून त्यांच्या डोळ्यांत जो फरक पडतो तो वर्गात बोलून पडत नाही.

रोप कोणतं? पालक किंवा लेट्यूस. दोन्ही पानाची, दीड-दोन महिन्यांत हाती लागतात. मेथी चालते पण ती दाट पेरून लहान असतानाच उपटायची. कोथिंबिरीला उगवायला वेळ लागतो, मुलांचा धीर सुटतो. टोमॅटोचा मोह पहिल्या वर्षी टाळा, त्याला आधार, जास्त खत, जास्त उन्हाचे तास सगळंच लागतं.

रोप चार पानांचं झालं की कप झाकणात बसवायचा आणि डबा खताच्या पाण्यानं (कृती पुढे देतो) इतका भरायचा की पाणी कपाच्या बुडाला बोटाच्या पेराएवढं लागेल. इथून पुढे एक नियम, आणि सगळं शिकणं याच नियमात आहे. पाणी खाली जाईल तसं जाऊ द्यायचं. डबा पुन्हा काठोकाठ भरायचा नाही. पंप नसलेली ही पद्धत हवाई विद्यापीठातल्या बी. ए. क्रॅट्की यांच्या नावानं ओळखली जाते. लेट्यूसच्या एका रोपाला लावणीपासून काढणीपर्यंत साधारण 4 लिटर पाणी पुरतं, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत डबे घरी नाही नेले तरी चालतं.

हा नियम का, ते मला चिखलीकडच्या एका मुलानं शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराच्या पुढच्या थंडीत आम्ही नदीकाठच्या एका शाळेत डबे लावले होते. पंचगंगेचं पाणी गावात आणि शिवारात किती दिवस उभं होतं ते त्या पोरांनी पाहिलेलं. मी उत्साहानं सांगत होतो की झाडाला माती लागत नाही, पाणी आणि क्षार पुरतात. सहावीतला एक मुलगा मागून उभा राहिला. "सर, पाण्यात भाजी जगती म्हणताय, मग आमचा ऊस पुरात का कुजला ओ?"

वर्ग एकदम गप्प झाला. त्यातल्या निम्म्या घरांचा ऊस गेला होता. मला शब्दांत उत्तर देता आलं असतं, पण ते मी दिलं नाही. म्हटलं, डब्याला विचारूया. तीन आठवड्यांचे दोन सारखे डबे घेतले. एका डब्यात पाणी निम्म्यावर आलं होतं, तो तसाच ठेवला. दुसरा त्या मुलानं स्वतःच्या हातानं काठोकाठ भरला, आणि रोज पुन्हा काठाला आणत राहिला. चौथ्या दिवशी दुपारी भरलेल्या डब्यातल्या पालकानं माना टाकल्या. पाण्यात उभं राहून झाड तहानेलं दिसत होतं. पोरांना ते खरं वाटेना.

मग झाकणं उचलली. निम्म्या डब्यात मुळांचे दोन भाग स्पष्ट दिसत होते. खालचे पाण्यातले धागे शेवयांसारखे गुळगुळीत, लांब. वरची तीन-चार बोटं मुळं हवेत होती आणि त्यांच्यावर भेंडीवर असते तशी बारीक लव होती. भरलेल्या डब्यात ती लव पाण्याखाली गेली होती, मुळं तपकिरी आणि बोटांनी दाबली तर सालटं सुटत होतं. वास नाकाला लावून घ्या म्हटलं. तो मुलगा वास घेऊन म्हणाला, "पूर उतरल्यावर रानाला असाच वास होता."

मुळालाही श्वास लागतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू फार थोडा असतो. 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, आणि 30 अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. निम्मा रिकामा डबा म्हणजे मुळांना सोडलेली खिडकी. आपण ती भरून टाकली. पुरात शिवाराचं तेच होतं, आणि तिथे वर गाळ बसतो, शेंडा बुडतो, पोग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, चिखल जातो. मातीच्या कणांमध्येही हवेच्या पोकळ्या असतात, त्या पाण्यानं भरल्या की चांगल्या जमिनीतलं मूळही गुदमरतं. मग दुसरं पोर विचारतंच: "भात कसा जगतो मग?" आजरा, गगनबावड्याकडची मुलं असतील तर हा प्रश्न हमखास येतो. भाताच्या काडीत आणि मुळांत आतून पोकळ नळ्या असतात, वरच्या पानातली हवा त्यातून खाली उतरते. भाताचं मूळ आणि काडी आडवी कापून भिंगातून दाखवा, त्या पोकळ्या दिसतात.

तेव्हापासून मी हा प्रयोग कुठल्याही शाळेत चुकवत नाही. मातीविना लावणी शिकवण्याचा माझा हेतू त्या दिवशी पक्का झाला. माती बाजूला काढली की ती काय काय करत होती ते एकेक उघडं पडतं: धरून ठेवणं, जेवण देणं, श्वासाला जागा ठेवणं, चूक सांभाळून घेणं. त्या सगळ्या कामांची जबाबदारी पोराच्या दोन हातांवर येते.

आता खताच्या पाण्याची कृती. तुमच्याकडच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ही खतं मिळतात, ठिबकवाले शेतकरी रोज नेतात. 10 लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट 8 ग्रॅम, 13:00:45 चार ग्रॅम, 00:52:34 दोन ग्रॅम (हे आकडे म्हणजे खतातल्या नत्र, स्फुरद आणि पालाशची टक्केवारी), मॅग्नेशियम सल्फेट 4 ग्रॅम आणि चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेली राहतील अशा रूपातल्या, सूक्ष्मअन्नद्रव्यांचं मिश्रण अर्धा ग्रॅम. मिश्रणात चिलेटेड लोह आहे ना ते पाकिटावर वाचून घ्या. पहिला आठवडा हे पाणी निम्मं पातळ करून, पुढे पूर्ण. फिल्टरवाले पाणी तपासायला जो टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) वापरतात तो एक घ्या. नळाचं पाणी, खताचं पाणी आणि आठवड्यानंतरचं पाणी असे तीन आकडे मुलं वहीत लिहितात आणि त्यावरून झाड पाणी जास्त पितंय की क्षार जास्त खातंय हे त्यांना समजू लागतं. मत्स्यालयाच्या दुकानात सामू (pH), म्हणजे पाणी किती आंबट ते, तपासायचे थेंब मिळतात. तो 5.5 ते 6.5 च्या दरम्यान असला की झालं.

एक चूक माझ्या हातून झालीय, ती तुमच्याकडे नको. पहिल्या वर्षी मी सोपं म्हणून नुसतं 19:19:19 पाण्यात घातलं. शेतात ते छान चालतं. डब्यात आठवडाभरात रोपं फिकी पडली आणि पाण्याला घाण वास सुटला. त्या खतातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीत जिवाणू त्याचं अमोनियम आणि नायट्रेट करून मुळापुढे ठेवतात. आमच्या स्वच्छ डब्यात ते काम करणारं कुणी नव्हतंच. शिवाय त्यात कॅल्शियम नसतं. मुलांची तीस रोपं माझ्यामुळे गेली. पुढच्या वर्गांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण मातीतले न दिसणारे जीव काय करतात हे याहून चांगलं सांगता येत नाही.

दुसरं, ही खतं एकत्र कालवून घट्ट पाणी करून ठेवू नका. कॅल्शियम नायट्रेट नेहमी वेगळ्या बाटलीत. का ते दाखवायला दोन ग्लास पुरे: एकात कॅल्शियम नायट्रेटचं घट्ट पाणी, दुसऱ्यात मॅग्नेशियम सल्फेटचं, दोन्ही काचेसारखी नितळ. एकात दुसरं ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि थोड्या वेळानं तळाला गाळ बसतो. तो जिप्सम. झाडाच्या तोंडचा घास दगड होऊन बसला. पातळ पाण्यात हे होत नाही, म्हणून आधी बादलीत पाणी भरायचं आणि मग एकेक विरघळवून घालायचं. खतं तोलणं पाचवी-सहावीला तुम्ही करा, मुलांनी बघायचं आणि पाणी मोजायचं. सातवीपासून हातमोजे घालून मुलं तोलू शकतात. पाकिटं कुलपात, स्वयंपाकाच्या जागेपासून आणि आगीपासून लांब, कारण नायट्रेटची खतं आगीला भडकवतात. खताच्या बाटलीला पिण्याच्या पाण्याची बाटली कधीच वापरायची नाही. तहानलेलं पोर लेबल वाचत नाही.

आठवीच्या पुढची मुलं असतील तर एक-एक अन्नद्रव्य वगळून डबे लावा. नत्र नसलेल्या डब्यात म्हातारी पानं आधी पिवळी होतात, कारण झाड जुन्या पानातला नत्र काढून नव्याला देतं. लोह नसलेल्या डब्यात उलटं होतं, नवं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लोह एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही. दुसरा डबा बघून शेतकऱ्याचं पोर लगेच म्हणतं, "हा तर केवडा!" उसाचं पान असं पिवळं पडलं की त्याला केवडा म्हणतात, आणि खोडव्यावर, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसावर, त्यानं तो पाहिलेला असतो. त्या डब्यात मग चिमूटभर चिलेटेड लोह घाला आणि पुढची नवी पानं हिरवी येताना त्याला बघू दे. घरी जाऊन बापाशी तो काय बोलेल याची मला खात्री आहे, कारण असे दोन बाप मला भेटायला आले होते.

शिरोळकडच्या शाळांत मी मिठाचा प्रयोग घेतो. मुळं फुटलेल्या पुदिन्याच्या एका ग्लासात लिटरला एक चमचा या हिशेबानं मीठ घालायचं. पाणी भरपूर असून काडी सुकते, कारण बाहेरचं पाणी खारट झालं की मुळाला ते आत ओढता येत नाही. पाणी देऊन देऊन क्षारपड झालेल्या, पांढरे पापुद्रे आलेल्या जमिनी त्या पोरांच्या शाळेच्या वाटेवरच आहेत. तिथं जास्त सांगावं लागत नाही.

वहीत रोज एकच गोष्ट लिहायला लावा, पाण्याची पातळी. डब्याला आतून सरळ काडी लावून तिच्यावर खूण करायची. स्वच्छ उन्हाच्या दिवशी पाणी जास्त उतरतं, ढगाळ दिवशी कमी, रोप मोठं होईल तसं आणखी. महिन्याअखेर ते आकडे फळ्यावर मांडले की आलेख आपोआप होतो, गणिताच्या बाईंना बोलवा.

वेळेचं म्हणाल तर शाळा जूनमध्ये उघडते, पण जून ते सप्टेंबर डबे गच्चीवर नेऊ नका. आपला पाऊस झाकणातून आत जातो, खत पातळ होतं, ऊन नसल्यानं रोपं लांबट आणि लेचीपेची येतात. त्या महिन्यांत वर्गात मटकी आणि पुदिना. घट उठले, दसरा झाला की बिया टाका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी डबे. मार्चनंतर पाणी तापतं, मुळं कुजण्याचे रोग लागतात, तेव्हा आवरतं घ्या. आणि डास. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, म्हणून झाकणाला आणि कपाभोवती फट राहता कामा नये, आणि दर आठवड्याला प्रत्येक मुलानं झाकण उचलून अळी आहे का ते बघायचंच. पाणी तपासायला आरोग्य खात्याचे लोक आले तर त्यांना मुलांनीच डबे उघडून दाखवावेत.

आता त्या आजोबांचं. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं, आणि म्हणूनच माझ्या प्रत्येक वर्गात पाण्याच्या डब्यांशेजारी तितक्याच वयाच्या रोपांच्या मातीच्या कुंड्या असतात, गांडूळखत घातलेल्या. दोन्हींची निगा तीच मुलं राखतात. कधीतरी चार दिवस दुर्लक्ष होतंच. डब्यात खत थोडं जास्त पडलं, सामू बिघडला की रोप दोन-तीन दिवसांत बोलतं. कुंडीत तेवढंच खत जास्त पडलं तरी काही दिसत नाही, माती ते धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. पाणी चूक लगेच दाखवतं, माती पोटात घालते. आजोबांना शाळेत बोलवा. त्यांच्याच हातानं दोन्हींत सारखं खत घालायला लावा आणि आठवड्यानं पुन्हा या म्हणा. एका शाळेत असेच रागावून आलेले एक आजोबा नंतर दर शनिवारी येऊ लागले, पोरांना मातीचा घट्ट मुटका करून, तो फुटतो कसा यावरून वाफसा, म्हणजे रानातली नेमकी ओल, ओळखायला शिकवू लागले. ते मला स्वतःला इतकं चांगलं शिकवता आलं नसतं.

मुलांना एवढं मात्र सांगू नका की माती घाण असते, किंवा उद्याची सगळी शेती पाण्यातच होणार आहे. ऊस, ज्वारी, भुईमूग डब्यात पिकवून कुणाचं पोट भरत नाही. पानभाजी, रोपवाटिका, जागा नसलेलं शहर, एवढ्यापुरतं हे तंत्र फार कामाचं आहे, आणि तेवढं खरं सांगितलं तरी मुलांचा उत्साह कमी होत नाही.

काढणीला पालकाची बाहेरची पानं आधी खुडा, मधला गाभा ठेवा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा पानं मिळतात. खुडलेली पानं तोला, धुवा, आणि त्याच दिवशी शाळेतल्या ताईंना सांगून मुगाची डाळ घालून पातळ भाजी करा. वाट्याला दोन घास आले तरी चालतील, पण प्रत्येकाच्या ताटात ती पडली पाहिजे. डब्यात उरलेलं पाणी गटारात न ओतता दुप्पट साधं पाणी मिसळून शाळेच्या झाडांना घाला.

शेवटी मुळं फेकू देऊ नका. डब्यातलं एक रोप आणि कुंडीतलं एक, मुळांसकट काढा. कुंडीतलं मातीसकट पाण्याच्या टबात बुडवून अलगद सोडवावं लागतं, घाई केली की तुटतं. दोन्ही पांढऱ्या ताटात पसरा, पट्टीनं मोजा, आणि मुलांना चित्र काढायला तासभर द्या.